चोवीस घरं

उद्यमनगरात दुपारी तीनला
शेजारचा लेथ एकच सूर धरून असतो
आणि माझ्या स्क्रीनवर, ओळ दोनशे अकरापाशी,
कंपायलर अडून बसलाय.
म्हणतो, अक्षरं जास्त, जागा कमी.

ही जागा मी आखलेली नाही.
आखली मगदूमांनी, अकरा वर्षांपूर्वी,
वडणग्याच्या दूध संस्थेच्या मशीनसाठी.
सभासद नावाचा एक स्ट्रक्ट:
आधी नाव, त्याला चोवीस घरं,
मग क्रमांक, मग फॅट, मग लिटर,
भिंतीला भिंत, मधे बोळ नाही.
मगदूम आता पुण्यात. फोन उचलतात,
"चालतंय की ते!" म्हणतात,
आणि जुन्या कंपायलरवर खरंच चालत होतं.
यंदा बोर्ड नवा, कंपायलर नवा,
आणि ह्याला ते पटत नाही.

सव्वाशे नावांची यादी.
तक्रार एकाच नावाची: आक्काताई.

आधी मी घाई केली.
नाव यादीतनं काढून खाली लिहिलं,
सभासदाचं नाव बरोबर आक्काताई.
दुसरी एरर. ॲरेला असं आख्खं काही देता येत नाही,
पोतं पोत्यात पालथं होत नाही,
पसा पसा भरावं लागतं.
ठीक आहे. जुनी ओळ परत जागेवर.

मग कागद घेतला आणि मोजलं.
बोलायला चारच अक्षरं. मशीनला आठ:
आ, क, पाय मोडल्याची खूण, पुन्हा क,
काना, त, काना, ई.
आपल्या लिपीतल्या प्रत्येकाला घरं तीन.
आठ त्रिक चोवीस.
बसतंय की तंतोतंत!
मग हा ओरडतो कशाला?

लेथ थांबला तेव्हा कळलं.
शून्य.
नावाच्या शेवटी एक न दिसणारं शून्य असतं,
वाचणाऱ्याला 'बस इथंच' सांगणारं.
ते पंचविसावं. त्याला घर नव्हतं.
जुन्या कंपायलरनं त्याला बाहेर ठेवून
मुकाट दार लावून घेतलं होतं.

म्हणजे अकरा वर्षं मशीन नाव वाचत वाचत
न थांबता शेजारच्या क्रमांकात शिरत होतं.
आक्काताईंचा क्रमांक बेचाळीस.
आणि बेचाळीस हा आकडा कुणी अक्षर म्हणून वाचला
तर ती चांदणी असते.
पुढच्या घरात शून्य. तिथं ते थांबायचं.
संस्थेतनं जुन्या पावतीचा फोटो मागवला:
आक्काताई*

चोविसाचे पंचवीस केले.
स्ट्रक्ट एकानं नाही, चारानं वाढला.
क्रमांकाला चाराच्या पाढ्यातच बसायची सवय,
म्हणून मधली तीन घरं कुणाच्याच नावावर नाहीत.
कार्डावरच्या नोंदी सगळ्या जुन्या मापाच्या,
त्या एकेक उचलून नव्या मापात ठेवता ठेवता
रात्रीचा दीड वाजला.
एरर शून्य. वॉर्निंग शून्य.

दुसऱ्या दिवशी धारांच्या वेळेला
पंचगंगा ओलांडून वडणग्यात, मशीन बसवलं.
पावती फाडून आक्काताईंच्या हातात दिली.
त्यांनी ती ट्यूबलाइटखाली धरली,
उलटी केली, सुलटी केली.
"ह्यो कागुद माझा न्हवं, पोरी."
तुमचाच आहे, मी म्हटलं, नाव बघा की.
"नाव मला कुटं वाचाय येतंय?
मी चांदणीवरनं वळखतो.
चांदणी कुटं गेली?"

मागं कॅन घेऊन सात-आठ जण उभे.
सचिव घड्याळाकडे बघत होते.
शून्याचं, घराचं, काय सांगणार होते मी?

पालथ्या घातलेल्या कॅनवर लॅपटॉप ठेवला.
तीन घरं मोकळी होतीच.
पंचविसाचे सव्वीस केले, स्ट्रक्ट जरासुद्धा हलला नाही.
चोवीस घरं नावाची, मग चांदणी,
मग शून्य, ह्या खेपेला घरात.
कंपायलर काही बोलला नाही.

मगदूमांनी नकळत केलेलं मी जाणून केलं,
आणि ओळीशेजारी टीप लिहिली,
पुढं जो कुणी येईल त्याच्यासाठी:
ही चूक नाही. काढू नये.